तात्यांनी मासे सोडले ते साल

आमच्या तात्यांना दोन गोष्टींचा नाद होता. एक, विहारात सगळ्यांच्या पुढे उभं राहून वंदना म्हणण्याचा, आणि दुसरा, कृष्णेच्या काठावर गळ टाकून बसण्याचा. या दोन्हींचं एकमेकांशी जमत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सकाळी "जीवहिंसा करणार नाही" हे पंचशिलातलं पहिलं शील पालीत खणखणीत म्हणायचं आणि दुपारी चारला गांडुळांचा डबा काखेत मारून नदीची वाट धरायची, हे तीस वर्षं बिनबोभाट चाललं होतं. कुणी चिडवलंच तर म्हणायचे, "आरं, धम्म पाळायचाच हाय, पन जरा सावकाश!"

तात्या म्हणजे माझे वडील, जालिंदर. उसाला नदीचं पाणी उचलून देणाऱ्या संस्थेच्या पंपावर ते ऑपरेटर होते. सकाळी आठला मोटर चालू करायची, चारला पुढच्या माणसाच्या ताब्यात द्यायची. पंपघर नदीवरच. त्यामुळे ड्युटी संपली की घराकडे वळायच्या आधी पाय आपोआप पाण्याकडे वळत.

आईला, म्हणजे जाईबाईला, याचा मनस्वी संताप यायचा. "दोन चिलाप्या आनायला तीन तास! तेवढ्या येळंत मी चार सऱ्या खुरपल्या आसत्या," असं ती रोज म्हणायची आणि त्याच चिलाप्या तिखटमीठ लावून तव्यावर टाकायची. एखाद्या दिवशी वाम मिळाली तर मात्र बोलणं जरा मऊ व्हायचं. माझा राग आईकडून आलाय, हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

एकदा मी तात्यांना सरळ विचारलं होतं की बाजारात वीस-पंचवीस रुपयांत किलोभर मासे मिळतात, मग तुम्ही उन्हातान्हात बसता कशाला? त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "आमे, दोरी हातात आसली की मन एका जागी ऱ्हातं बग. पान्याखाली काय हाय ते दिसत न्हाई. पन कायतरी हाय. ह्ये 'कायतरी हाय' म्हंतो न्हवं, त्येच लय ग्वाड आसतं. मासा हातात आला, की मग काय, नुसता मासा!"

मला तेव्हा हे काही पटलं नाही. मी डी.एड. झालेली, नोकरीच्या आदेशाची वाट बघत घरी बसलेली. वाट बघण्यात गोड काय असतं, असं मी त्यांना फाडकन विचारलं. ते नुसते हसले.

नदीवर तात्यांचे जोडीदार होते लालासाहेब सुबेदार. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, नदीकाठी त्यांचा सहा एकर ऊस. तात्या आणि ते चौथीपर्यंत एका वर्गात, त्यामुळे एकमेकांना अरेतुरे. तात्या त्यांना "सुबेदार" म्हणत, पण तेही अरेतुरेतच. सुबेदारांनी आसामात असताना गळाचा नाद लावून घेतला होता आणि गावात त्यांना समजून घेणारा तात्यांशिवाय दुसरा कुणी नव्हता. सुबेदारांच्या बांधाखाली ओढा नदीला मिळतो तिथं एक करंज आहे. त्याच्या सावलीत हे दोघं रोज दोन तास बसत. बोलणं फार नसायचं. घरी येऊन तात्या सांगत, "आज सुबेदारासंगं लय गप्पा झाल्या," आणि काय गप्पा झाल्या विचारलं तर त्यांना एक वाक्य आठवायचं नाही.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. त्या वैशाखात सुबेदारांच्या पत्नी लीलाबाई गेल्या. सकाळी चूल पेटवली, दुपारी छातीत कळ आली आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटपलं. सुबेदार चोवीस वर्षं सरहद्दीवर आणि बाई एकट्या मळ्यात. आता कुठे दोघांना एकत्र चार वर्षं मिळाली होती. त्यांचा मुलगा वीरधवल फौजेतच होता. तो आला, "माझ्याबरोबर चला" म्हणाला. सुबेदारांनी मान हलवून नाही म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवण नाही, बोलणं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले, दोन्ही काठ्या घेऊन. एवढंच म्हणाले, "चल." सुबेदार उठले. तेव्हापासून ते दिवसभर पडून राहायचे, पण चार वाजता उठायचे.

मग आला आषाढ, आणि आमच्या तात्यांनी घोटाळा केला.

आषाढी पौर्णिमेला आमचा वर्षावास सुरू होतो. पावसाळ्याचे तीन महिने भन्ते एका जागी राहतात, आणि आम्ही साधी माणसं रोज संध्याकाळी विहारात जमून ग्रंथ वाचतो. आश्विन पौर्णिमेला सांगता आणि खीर. आमच्या वस्तीत अशी एक पद्धत पडली होती की पहिल्या दिवशी एकेकानं उभं राहायचं आणि तीन महिने आपण काय सोडणार ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्या साली कृष्णातनं तंबाखू सोडली. कृष्णात आमच्या विहार समितीचा चिटणीस, पतपेढीत कारकून, नियमाला पक्का. नानासोनं दारू सोडली. हरणाबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिनं सुनेला शिव्या द्यायचं सोडलं आणि सून सगळ्यांदेखत रडायला लागली. विहारात अगदी भरून आलं. तात्या वंदना सांगून एका बाजूला उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. पण त्या भरात ते दोन पावलं पुढे आले आणि म्हणाले, "मी तीन म्हैनं मासा मारनार न्हाई."

टाळ्या वाजल्या. मीसुद्धा वाजवल्या, सगळ्यात जोरात. मैत्रिणींना सांगितलं, बघा, हे माझे वडील. आई मात्र घरी येताना म्हणाली, "कुनी इचारलं हुतं का तुमास्नी? साधी सुपारी सोडायची!"

दुसऱ्या दिवशी चार वाजता तात्या पंपघरातून बाहेर पडले आणि तिथेच त्यांच्या लक्षात आलं, की करंजाखाली सुबेदार येऊन बसला असणार.

त्यानंतर श्रावण गेला, भादवा निम्मा सरला. तात्या रोज सहाला घरी यायचे, हातपाय धुऊन विहारात ग्रंथवाचनाला जायचे. नदीवर जाता का, असं आम्ही विचारलं तर "सुबेदाराजवळ बसून येतो" म्हणायचे. घरात मासा येत नव्हता, म्हणून आम्हीही खोलात गेलो नाही.

एका संध्याकाळी वाचन संपल्यावर कृष्णातनं मला बाजूला घेतलं. "आम्रपाली, वाईट वाटून घेऊ नको. पन तात्या नदीवर गळ टाकून बसत्यात. म्या सोता बगितलं, दोनदा."

"मासा आला का घरात एक तरी?" मी तडकले.

"मासा गावला न्हाई म्हंजी नेम मोडला न्हाई, आसं हुतंय व्हय? नानासोनं तिसऱ्या दिवशी घेतली, पन यिऊन कबूल केलं. त्यो काय वंदना सांगत न्हाई. जो पुढं हुबा ऱ्हातो त्याचं नीट पायजे. समितीत इषय निगनार हाय. सांगतेला वंदना त्यांच्याकडं ऱ्हाईल आसं मला वाटत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्यांनी वयाच्या विसाव्या वर्षापासून वंदना सांगितलेली. वस्तीतली लग्नं, नामकरणं, मयतं, सगळीकडे त्यांचाच आवाज. शाळा सातवीत सुटली, पण त्या आवाजामुळे त्यांना कुणी कधी कमी लेखलं नव्हतं. ती वंदना गेली तर त्यांचं काय राहणार होतं? दुसऱ्या दिवशी चार वाजता मी सरळ नदी गाठली.

करंजाखाली दोन पाठी दिसल्या. दोघांच्या हातात काठ्या, दोऱ्या पाण्यात, पाण्यावर दोन चिपाडाचे तुकडे तरंगत होते. सुबेदार माझ्याकडे बघून "ये पोरी" म्हणाले आणि विडी ओढायला बांधावर गेले. मी तात्यांना हलक्या आवाजात जेवढं टाकून बोलता येईल तेवढं बोलले. सगळ्या वस्तीत नाक कापलं म्हणाले. सोडायचंच नव्हतं तर उभं कशाला राहिलात म्हणाले.

तात्यांनी बांधाकडे एकदा बघितलं. मग काठी उचलून दोरी हळूच बाहेर काढली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं. टोकाला लोखंडी आकडा नव्हता. साधी गाठ होती आणि गाठीवर कणकेचा गोळा थापलेला.

"गांडूळबी लावत न्हाई," ते कुजबुजले. "त्यालाबी जीव हाय."

मी त्या गाठीकडे बघतच राहिले.

"ह्ये सुबेदाराला म्हाईत न्हाई," तात्या म्हणाले. "त्यो कुनाशी बोलत न्हाई, तवा आपल्यातलं काय त्याच्या कानावर जात न्हाई. त्याला वाटतं, मी मासं धरतोय, म्हनून त्यो येतोय. 'माज्यापायी तुजा नेम मोडाया नगं' म्हनंल आनि पुन्हा भिताडाकडं त्वांड करून पडंल. आमे, विहारात सांगू नगंस. साधी बातमी गावात आठ दिस फिरत न्हाई, पन आसली गंमत दोन घटक्यात मळ्यात पोचंल."

"म्हणजे तुम्ही त्यांच्यासाठी बसता रोज?" माझा राग जरा उतरला होता.

तात्या माझ्याशी खोटं बोलू शकले असते. बोलले नाहीत. "त्याच्यासाठी म्हनलं तर निम्मं खरं हाय. निम्मं माजंच मला ऱ्हावत न्हाई. आकडा न्हाई तरी त्ये खाली यिऊन टोचतंच की गं! चिपाड हालतं. काळजात धस्स हुतं. तेवढंच पायजे हुतं मला, ह्ये आता कळाय लागलंय."

त्यांनी पुन्हा दोरी टाकली. सुबेदार परत येऊन बसले आणि म्हणाले, "यंदा मासाच न्हाई रं नदीला."

"न्हाई गड्या," तात्या म्हणाले, "सगळा खाली वाहून गेला." आणि चिपाड हललं तरी दोघं ढिम्म बसून राहिले.

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगतेच्या आधी आठ दिवस समिती बसली. कृष्णातनं नीट, आदबीनं विचारलं, "आवं तात्या, नेम पाळला का मोडला?"

"पाळला," तात्या म्हणाले.

"मग नदीवर काय करता?"

"बसतो."

"काठी घेऊन?"

तात्या गप्प. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मी दातावर दात दाबून कोपऱ्यात बसले होते. शेवटी कृष्णात म्हणाला, "मग सांगतेची वंदना यंदा मी सांगतो." तात्यांनी होकारार्थी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि ताट सरकवलं. आई चिडली नाही, यावरूनच मला काय ते समजलं. तात्या उठले, विहाराची चावी खुंटीवरून काढली, फडक्यानं पुसली आणि कृष्णातच्या घरी देऊन आले.

माझ्याच्यानं राहवलं नाही. चार दिवस कळ काढली आणि पाचव्या दिवशी सकाळी तात्या पंपावर गेलेले बघून मी मळा गाठला. सुबेदार सोप्यात बाजेवर पडलेले. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नेम, कणकेचा गोळा, समिती, चावी. आणि शेवटी, जे बोलायला नको होतं तेही बोलले: "तुमच्यासाठी माझ्या बापाची तीस वर्षांची वंदना गेली. तुम्हाला त्याचं काय!"

सुबेदार उठून बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला माझीच लाज वाटली. ते म्हणाले, "तू जा घरी." त्या संध्याकाळी ते करंजाखाली आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तात्या एकटेच बसून परत आले आणि "सुबेदाराला बरं न्हाई वाटतं" म्हणाले. मी एका फटक्यात दोघांनाही बुडवलं होतं. तीन रात्री मी तात्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

आश्विन पौर्णिमेला सकाळी दहाला विहार भरला. बाया पांढऱ्या साड्यांत, खिरीचं पातेलं मागच्या बाजूला चुलीवर. भन्ते साताऱ्याहून यायचे होते, त्यांना यायला थोडा वेळ होता. तात्या पांढरा सदरा घालून, आयुष्यात पहिल्यांदा, मागच्या ओळीत बसले होते. कृष्णात पुढे उभा राहून घसा साफ करत होता.

तेवढ्यात दारात सुबेदार आले. इस्त्रीची पँट, कोटावर बिल्ले, एका हातात गळाची काठी आणि दुसऱ्या हातात गांडुळांचा पत्र्याचा डबा. त्यांनी बूट बाहेर काढले, आत येऊन "जयभीम मंडळी" म्हणाले आणि ताठ उभे राहिले.

"मला रिपोर्ट द्यायचा हाय," ते म्हणाले.

तात्या अर्धवट उठले. "सुबेदार, तू हिकडं कशाला..."

"तू बस खाली. ह्या जालिंदरनं आषाढापास्नं एकबी मासा मारल्याला न्हाई. मी रोज त्याच्या शेजारी हुतो, मी साक्ष हाय. त्याच्या दोरीला आकडाच न्हवता. नुसती कणीक लावून बसत हुता. ह्ये मला तीन दिसांपूर्वी कळलं. मी पडून ऱ्हाऊ नये म्हनून तुमच्याफुडं गुन्हेगार झाला, पन त्वांड उघाडलं न्हाई."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. तात्यांनी मान खाली घातली होती. कृष्णात गोंधळून म्हणाला, "मग सुबेदार, तुमी तरी किती धरलं?"

"एकबी न्हाई."

"तुमच्या दोरीलाबी आकडा न्हवता?"

"आकडा हुता," सुबेदार म्हणाले. "त्याला गांडूळ न्हवतं." त्यांनी डबा उघडून फरशीवर पालथा केला. आतून नुसती सुकलेली माती पडली. "लीला गेल्यापास्नं मला तडफडनारा जीव बघवत न्हाई. हात धजत न्हाई. पन ह्यो माजा दोस्त रोज काठी घिऊन यायचा. त्याला मासं लय आवडत्यात. मला वाटलं, मी न्हाई म्हनलं तर ह्याचा विरस हुईल. म्हनून रिकामा आकडा टाकून बसायचो. ह्याच्या कणकेवर मासं जमायचं, माजीबी दोरी हालायची. आता मला वाटतं, त्या हालन्यानंच मी जगलो."

मग हरणाबाई हसायला लागली. तिच्या तोंडात दात नव्हते आणि ती हसली की सगळं अंग हलायचं. "आगं बया! एकाला आकडा न्हाई, एकाला गांडूळ न्हाई, आनि दोगं नदीला शिव्या देत बसल्यात!" सगळा विहार हसायला लागला. सुबेदार हसले. लीलाबाई गेल्यानंतर मी त्यांना हसताना प्रथमच बघितलं. आई पदरानं डोळे पुसत हसत होती आणि मला तर हसावं की रडावं तेच कळेना, मी दोन्ही केलं.

कृष्णात मोठ्या मनाचा माणूस. तो पुढून खाली उतरला, मागे आला आणि तात्यांचा हात धरून म्हणाला, "तात्या, चुकलं माजं. चला फुडं."

पण तात्या हलेनात. "न्हाई कृष्णात. पयलं शील पाळलं म्या. पन चौथं मोडलं. खोटं बोलनार न्हाई म्हनतो, आनि तीन म्हैनं रोज ह्याला सांगितलं, की नदीला मासा न्हाई. दोरीखाली ही गर्दी आसायची. मी कसा हुबा ऱ्हाऊ फुडं?"

कृष्णात विचारात पडला. नियमाचा प्रश्न होता आणि नियमात तात्यांचं बरोबर होतं. भन्तेही अजून आले नव्हते. सुबेदार म्हणाले, "खोटं तर मीबी बोललो," पण त्यांना आमची शिलं लागू नव्हती, त्यामुळे त्याचा काही उपयोग होईना.

शेवटी हरणाबाईच ओरडली, "आरं जालिंदर, ज्याचं एकबी शील मोडलं न्हाई, त्यानंच सांगायची म्हनलं तर ह्या वस्तीत वंदना कुनी सांगायची? म्या सुनंला काल सकाळीच शिवी दिली. हुबा ऱ्हा फुडं, तिकडं खीर करपाय लागलीया!"

तात्या पुढे गेले. सुबेदार बाहेर निघाले होते, त्यांना आईनं दारापाशी सतरंजीवर बसवलं. तात्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरुवात केली. ते एक शील म्हणायचे, मागून सगळे म्हणायचे. पहिलं झालं, दुसरं, तिसरं झालं. चौथ्याशी येऊन तात्या थांबले. विहार थांबला. त्यांनी डोळे उघडून दाराकडे बघितलं. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून, ते शील म्हटलं. आमच्या सगळ्यांचं म्हणून संपलं, तरी मागून एक आवाज चालूच होता. पालीची सवय नसलेला, अडखळणारा, फौजी आवाज. तात्या तो संपेपर्यंत थांबून राहिले आणि मगच पाचव्या शिलाकडे वळले.